मदत हवी आहे : कोल्हापुरात गाडीशिवाय राहण्याजोगी वस्ती कोणती?

नमस्कार.

येत्या दिवाळीच्या सुमारास आम्ही दोघे डोंबिवली सोडून कोल्हापूरला कायमचे राहायला येणार आहोत, आणि तिथे घर कोणत्या भागात बघावे याविषयी कोल्हापूरकरांचा सल्ला हवा आहे. माझे वय ५९, यजमानांचे ६४. माझे माहेर गडहिंग्लजचे. पण लहानपणी कोल्हापूर म्हणजे एसटी बदलण्याचे ठिकाण आणि फार तर अंबाबाईचे दर्शन एवढाच त्या शहराशी माझा संबंध आला, त्यामुळे नाव ओळखीचे असले तरी गल्ल्या अजिबात ओळखीच्या नाहीत.

प्रश्नाचे मूळ असे, की यजमानांना दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. समोर धरलेले वर्तमानपत्र ते व्यवस्थित वाचतात. परंतु बाजूने येणारी दुचाकी, पायाखालची एखादी पायरी किंवा गटाराचा काठ त्यांच्या लक्षात येत नाही. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला मनाई केली. मी कधी गाडी शिकलेच नाही. डोंबिवलीत स्टेशनपासून दहा मिनिटांवर राहत असल्यामुळे अठ्ठावीस वर्षे आमचे काही अडले नाही : भाजी, बँक, गिरणी, दवाखाना, फडके रोडवरची खरेदी, सगळे पायीच होत आले. ही आपली केवढी मोठी सोय होती, हे कोल्हापुरात घरे बघायला लागल्यावर कळले.

गेल्या चार महिन्यांत आम्ही तीन वेळा येऊन गेलो. एजंटने दाखवलेले प्रत्येक घर सगळ्या गोष्टींपासून ‘पाच मिनिटांवर’ होते. कळंब्याच्या बाजूला एका नव्या संकुलात उभे असताना मी विचारले, की भाजी कुठे मिळते, तर तो म्हणाला, “काकू, गाडीवर टांग टाकली की पाच मिनिटांत कपिलतीर्थ मंडई.” टांग टाकता येत नसेल तर काय, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. संकुलाच्या आत फरसबंद मार्गिका, बाके आणि झाडे होती. फाटकाबाहेर पाऊल टाकताच मात्र डांबराची कडा तुटलेली, तिच्यापलीकडे मुरूम आणि उसाचे ट्रॅक्टर. सकाळी फेऱ्या मारायला ती जागा उत्तम असेलही. पण आम्हाला व्यायामासाठी चालायचे नसून कोथिंबीर आणायला चालायचे आहे, आणि हा फरक मला तिथे कोणालाच समजावून सांगता आला नाही. (मोठ्या शहरातून लहान शहरात गेले की सगळे जवळ येते, असे आम्हाला जो तो सांगत असतो. अंतरे लहान असतात हे खरे, परंतु ती दुचाकीने कापायची असे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते.)

त्यामुळे शहराबाहेरच्या नव्या योजना आम्ही बाजूला ठेवल्या. आता तीन भाग विचारात आहेत, आणि प्रत्येकाविषयी शंका आहे.

पहिला भाग मंगळवार पेठेचा, मिरजकर तिकटीच्या आसपास. पायी चालणाऱ्या माणसासाठी शहर कसे असावे, याचा नमुनाच म्हणावा असा हा भाग वाटला. जे घर बघितले त्याच्या दारातून मी पावले मोजत निघाले, तेव्हा किराणा दुकान चाळीस पावलांवर, पिठाची गिरणी नव्वदवर आणि औषधांचे दुकान दीडशेच्या आत लागले. अंबाबाईचे देऊळ, भवानी मंडप आणि १८५० पासूनचे करवीर नगर वाचन मंदिर हे सगळे चालत जाण्याजोगे आहे; वाचनालय पायी गाठता येणे ही माझ्या दृष्टीने चैनीची नव्हे, गरजेची बाब आहे. संध्याकाळी तिकटीजवळ म्हशी आणून समोर दूध काढून देत होते. आम्हीही एकेक पेला घेतला, आणि शेजारी उभ्या असलेल्या एका आजींनी पाच मिनिटांत आमचे गाव, गोत्र आणि घराचे अंदाजपत्रक काढून घेतले. अशा शेजारात यजमान एकटे बाहेर पडले तरी कोणाची ना कोणाची नजर त्यांच्यावर राहील, असा भरवसा वाटला.

अडचण अशी, की तिथे फूटपाथ जवळजवळ नाही, आणि जिथे आहे तिथे दुचाक्या लावलेल्या असतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे निवासी भागात पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी लागते. त्या गल्ल्यांतून काही ठिकाणी रस्त्यालाच रुंदी किती उरते असा प्रश्न पडतो. दुचाक्या कोणत्याही बोळातून, कोणत्याही दिशेने येतात. यजमान माझा हात धरून चालत होते, तरी दोनदा दचकून जागीच थांबले. शिवाय घर पहिल्या मजल्यावर असून जिना लाकडी, उभा आणि अंधारा आहे. शेवटच्या पायरीची उंची बाकीच्या पायऱ्यांपेक्षा कमी आहे, आणि डोळे अधू असलेल्या माणसाचा पाय नेमका अशाच जागी चुकतो.

दुसरा भाग राजारामपुरी. सरळ मुख्य रस्ता आणि त्याला फुटणाऱ्या क्रमांकाच्या गल्ल्या, ही रचना यजमानांना फार आवडली. त्यांचे म्हणणे असे, की दिसत कमी असले तरी मोजता येते. तिसरी गल्ली ओलांडली की चौथी येणार हे ठाऊक असेल, तर रस्ता डोळ्यांनी नाही तरी डोक्याने चालता येतो. बाजार, बँका, दवाखाने आणि तपासणीच्या प्रयोगशाळा त्याच परिसरात आहेत. इमारतीला लिफ्ट आहे. भाडे मात्र पेठेपेक्षा बरेच जास्त सांगतात. मुख्य रस्त्यावर संध्याकाळी साडेसहानंतर आम्ही पलीकडच्या बाजूला जायला उभे राहिलो, तेव्हा ओलांडायला एवढा वेळ लागला, की अखेरीस एका शाळकरी मुलीने हात आडवा करून गाड्या थांबवल्या आणि आम्हाला पलीकडे नेले. गल्ल्यांच्या आत दोन्ही बाजूंना चारचाक्या उभ्या असल्यामुळे मधूनच चालावे लागते.

तिसरा भाग ताराबाई पार्क आणि नागाळा पार्क. रुंद रस्ते, जुनी झाडे आणि शांतता यांमुळे मला तो पहिल्या नजरेतच आवडला होता, पण दोन फेऱ्यांनंतर उत्साह ओसरला. चालायला रस्ता आहे, परंतु चालत जाऊन पोहोचायचे कुठे, हा प्रश्न राहतो. बघितलेल्या घरापासून भाजीवाला नीट अर्ध्या तासाच्या जाऊन-येऊन अंतरावर होता. त्यातच महापुराचा विषय निघाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शहरात कुठवर आले होते, हे आम्ही टीव्हीवर पाहिले होते, आणि त्यात नागाळा पार्कचे नाव ऐकल्याचे स्पष्ट आठवते. घरमालकांनी मात्र “आपल्या बाजूला काही नाही” एवढ्यावरच विषय संपवला.

तर विचारायचे ते असे. डोळ्यांनी अधू आणि गाडी नसलेल्या जोडप्याने पेठेतली जवळीक निवडावी, की राजारामपुरीतली सरळ रचना? पुराचे पाणी कुठे येते हे घरमालकाशिवाय कोणाकडून कळेल? आणि या तिघांखेरीज एखादा भाग आमच्या नजरेतून सुटला आहे का? आमचे बजेट भाड्यासाठी महिना चौदा हजारांपर्यंत आहे. ‘रिक्षा करा’ हा सल्ला कृपया देऊ नये; रोजच्या कोथिंबिरीसाठी रिक्षा करणे शक्य नाही, आणि यजमानांना कोणावर अवलंबून न राहता बाहेर पडता यावे यासाठीच ही सारी धडपड आहे.

प्रतिसाद

ताई, मी मूळचा शुक्रवार पेठेतला असून गेली बारा वर्षे राजारामपुरीत राहतो, त्यामुळे दोन्ही बाजू थोड्याफार सांगू शकेन.

आधी पुराविषयी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे; पावसाळ्यात हे दोन आकडे इथे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी पन्नास फुटांच्याही बरेच वर गेले. आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरात भाऊ राहतो, त्याला दोन्ही वेळा सामान माळ्यावर टाकून बाहेर पडावे लागले. पाणी नदीकाठानेच येते असे समजू नका. जयंती नाल्यातून ते उलटे आत येते आणि नदीपासून लांब वाटणाऱ्या भागात शिरते. शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, रमणमळा आणि नागाळा पार्कचा सखल भाग यांची गणना त्यातच होते. घरमालकाला विचारू नका. इस्त्रीवाल्याला, पिठाच्या गिरणीवाल्याला किंवा समोरच्या इमारतीच्या वॉचमनला विचारा, कारण त्यांना काहीही विकायचे नसते. कंपाउंडच्या भिंतीवर रंगाखाली एक आडवी मळकट रेघ दिसते का, तेही पाहा. मंगळवार पेठेचा बहुतेक भाग आणि राजारामपुरी उंचावर आहेत, तिथे ही भीती नाही.

मात्र उंचावर असल्याचे मोल पायांना द्यावे लागते. राजारामपुरीत टाकाळ्याच्या बाजूला चढ लागतो. जाताना जाणवत नाही, पण भाजीची पिशवी घेऊन परतताना जाणवतो. म्हणून घर बघताना रिकाम्या हाताने चालू नका. दोन किलो कांदे घेऊन चाला. स्टेशनकडे जायला परीख पुलाखालचा रस्ता जवळचा, परंतु जोराचा पाऊस झाला की त्या पुलाखाली पाणी साचते आणि एरवीही तिथे वाहने अंगावरून जातात. यजमानांना एकटे त्या वाटेने पाठवू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

पेठेविषयी तुम्ही लिहिलेले सर्व खरे आहे, फक्त आठवड्याचा वार पाहायला विसरलात असे वाटते. मंगळवारी, शुक्रवारी आणि सुट्टीला जोडून आलेल्या शनिवार-रविवारी देवीच्या दर्शनाला येणाऱ्यांची गर्दी आतल्या गल्ल्यांपर्यंत पसरते, गाड्या लावायला जागा शोधत परगावची माणसे बोळांत शिरतात, आणि नवरात्रात तर विचारायलाच नको. माझी आई पेठेत ऐंशी वर्षांपर्यंत एकटी हिंडली. पण ती त्या गल्ल्यांत जन्मली होती आणि कोणत्या गटाराचे झाकण हलते हे तिच्या पायांना ठाऊक होते. साठीनंतर नव्याने आलेल्या, तेही बाजूचे न दिसणाऱ्या माणसाला ती ओळख व्हायला किती दिवस लागतील, याचा विचार करावा.

माझे मत विचाराल, तर राजारामपुरी. मुख्य रस्त्यावरच्या इमारतीत नको, आणि घर तुमच्या रोजच्या दुकानांच्याच बाजूच्या गल्लीत बघा, म्हणजे तो रस्ता दिवसातून चार वेळा ओलांडावा लागणार नाही. एका बाजूला सगळे मिळत असेल, तर शंभर पावले जास्त पडली तरी चालतील. देवळापर्यंत अंतर दोन-अडीच किलोमीटर आहे; बागल चौकातून उमा टॉकीजवरून वाट सरळ आहे, पण ती रोजची नव्हे, सवडीची समजा. आणि अकरा महिन्यांचा करार करून आधी भाड्यानेच राहा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. दोन किलो कांद्यांची परीक्षा आम्ही डोंबिवलीतच घेऊन पाहिली, आणि आमच्याच गल्लीला चढ आहे हे अठ्ठावीस वर्षांनी कळले.

तुमचा ‘रस्त्याच्या एकाच बाजूला’ हा मुद्दा आमच्या लक्षातच आला नव्हता. आम्ही अंतरे मोजत बसलो आणि ओलांडण्या मोजायच्या राहिल्या. काल रात्री कागद घेऊन राजारामपुरीतल्या त्या घराचा हिशेब मांडला, तेव्हा किराणा आणि औषधे याच बाजूला निघाली, पण भाजी आणि बँक पलीकडे. म्हणजे दिवसाआड दोन ओलांडण्या, त्याही बँकेच्या वेळेत केल्या तर संध्याकाळची गर्दी टळते. यजमानांनी हिशेब वाचून एवढेच म्हटले, की भाजी सकाळी आणायला आपली हरकत नाही.

आता ठरवले आहे, की जुलैत आठ दिवस येऊन राहायचे, भर पावसात, आणि त्यांतले निदान तीन दिवस त्यांनी एकट्याने बाहेर पडायचे. मी वीस पावले मागे राहीन. त्यासाठी राजारामपुरीत, शक्यतो जनता बाजाराच्या अलीकडे-पलीकडे, आठ दिवसांसाठी घरगुती खोली मिळेल का? आणि पावसाळ्यात तिथल्या गल्ल्यांतले दिवे रात्री साडेआठच्या सुमाराला नेमाने सुरू असतात का, हे कोणी आपल्या गल्लीपुरते जरी सांगितले, तरी मोठी मदत होईल.