‘हेतेप’ म्हणजे नैवेद्य की प्रसाद?

ओसरी:
बास्तेत या प्राचीन इजिप्शियन देवीच्या आजच्या घरगुती उपासनेबद्दल मराठीत लिहिताना ‘ऑफरिंग’साठी अर्पण, भेट, बळी असे तिन्ही शब्द सर्रास येतात. मूळ शब्द ‘हेतेप’. यातला कुठला बसतो? शिवाय ‘बास्टेट’ लिहायचं की ‘बास्तेत’?

बोरू:
नावाचं आधी, ते सोपं आहे. ‘ट’ इंग्रजीच्या वाटेने आलाय, ‘त’च लिहा. शेवटी मुळात एकच ‘त’ होता, स्त्रीलिंगी प्रत्ययाचा. बोलताना तो गळायला लागल्यावर ‘इथे उच्चार करा’ हे सुचवायला दुसरा ‘त’ जोडला गेला, असं मानतात. म्हणून ‘बास्त’ही चूक नाही. स्वरांवरून मात्र भांडू नये. त्या लिपीत स्वर लिहीतच नसत. ‘हेतेप’मधले दोन्ही ‘ए’ अभ्यासकांनी सोयीसाठी घातलेले आहेत.

आता हेतेप. चित्रलिपीतलं त्याचं चिन्ह म्हणजे चटईवर ठेवलेला पाव. अर्थ दोन: तृप्त किंवा शांत होणं, आणि देवापुढे ठेवलेलं अन्न. ‘आमेनहोतेप’ या राजाच्या नावात पहिला अर्थ आहे, आमुन देव तृप्त आहे. कबरींवरच्या ‘हेतेप-दि-नेसू’ या ठरलेल्या ओळीत दुसरा: राजाने दिलेला हेतेप, आणि पुढे हजार पाव, हजार घडे बिअर, बैल, पक्षी, तलम कापड अशी यादी. ‘बळी’ तर नकोच. तो शब्द वाचला की वाचकाला बोकड दिसतो.

दर्भ:
मग सरळ ‘प्रसाद’ घ्या. मूळ अर्थ प्रसन्नता, आणि पुढे तोच शब्द अन्नाला लागला. पसायदानातला ‘पसाय’ही हाच. तृप्ती आणि अन्न एकाच शब्दात सांगणारी अशी जोडी दुसऱ्या भाषेत शोधून सापडणार नाही.

बोरू:
व्युत्पत्ती पटली, वापर नाही. ‘देवाला प्रसाद दाखवला’ असं आपण म्हणत नाही. नैवेद्य दाखवतात, प्रसाद वाटतात. आणि इजिप्तमध्येही दुसऱ्या पायरीला वेगळा शब्द होता, ‘वेजेब-खेत’, म्हणजे वस्तू वळवणं. मुख्य देवापुढचं अन्न आधी देवळातल्या इतर मूर्तींपुढे जाई, मग पुजाऱ्यांना वाट्याने मिळे. तेव्हा हेतेपला नैवेद्य, वेजेब-खेतला प्रसाद वाटणं. ‘अर्पण’ने ही परतीची वाट दिसतच नाही, अर्पण केलेलं परत घेतलं तर चोरीच वाटते. काहींनी ‘देवीचं उष्टं’ लिहिलंय, तेही नको.

हा घोळ नुसता शब्दांचा नाही. ‘अर्पण’ वाचून लोक दूध-पाव दिवसभर तसाच ठेवतात. दूध नासतं, मुंग्या लागतात आणि शेवटी ते टाकून द्यावं लागतं. ‘नैवेद्य’ लिहिलं की अर्ध्या तासाने उचलायचं आणि खायचं, हे वेगळं सांगावं लागत नाही.

ओसरी:
पटलं. शुद्धीसाठी वापरतात त्या नेट्रॉन या खाराचं काय? एका मजकुरात ‘सोरा’ पाहिला.

दर्भ:
अजिबात नाही! सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, फटाक्याच्या दारूत जातो तो. नेट्रॉन म्हणजे सोडियमचे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट, सोबत थोडं मीठ. ‘नाइटर’ या शब्दामुळे गल्लत होते, कारण इजिप्शियन ‘नेचेरी’ ग्रीकमध्ये ‘नित्रॉन’ झाला आणि त्यातूनच नाइटर, सोडियमची ‘एनए’ ही खूण आणि नायट्रोजन ही सगळी मंडळी निघाली. ‘नेचेर’ म्हणजे देव, हे जाता जाता.

मराठीत सगळ्यात जवळचा शब्द ‘पापडखार’. लोणारच्या सरोवराचा खार याच जातीचा. पण विधीत नुसतं ‘पापडखार’ लिहून सोडू नका, दुकानागणिक पुडीतला माल बदलतो. माप द्या: खायचा सोडा दोन भाग, मीठ एक भाग, त्यातलं पाव चमचा वाटीभर पाण्यात. हात धुवायला आणि चूळ भरायला एवढं पुरतं. धुण्याच्या सोड्याने चूळ भरायची नाही, तोंड भाजतं. खायचा सोडा तापवला तर त्याचाही हळूहळू धुण्याचा सोडा होतो, म्हणून मिश्रण उकळून आटवायचं नाही. भांडं काचेचं किंवा स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियम काळं पडतं.

बोरू:
धुपाच्या शब्दांतही असेच खड्डे आहेत. अरबी ‘ऊद’ म्हणजे अगरू; आपल्याकडे ऊद म्हटलं की लोबान. इजिप्शियन ‘सेनेचेर’ला म्हणून ‘धूप’ बरा. त्या शब्दात ‘देवपण आणणारा’ असा अर्थ वाचतात. पुंत या प्राचीन देशातून येणाऱ्या ‘मिर्’ला ‘हिराबोळ’ हाच शब्द, नुसतं ‘बोळ’ नको. काळाबोळ म्हणजे कोरफडीचा वाळवलेला रस; तो निखाऱ्यावर टाकला तर धुपाचा वास येत नाही, जळकट घाण येते. खडा वाटाण्याएवढा. निखाऱ्यावर राख धरू द्या आणि वर चिमूटभर राख पसरून मग खडा ठेवा. लाल निखाऱ्यावर थेट ठेवला तर राळ दरवळण्याऐवजी पेटते आणि काळा धूर होतो.

ओसरी:
शेवटचं. देव्हाऱ्याची दारं उघडण्याला ‘वेन-हेर’ म्हणतात आणि निघताना ‘इनेत-रेद’. ‘दर्शन’ आणि ‘विसर्जन’ चालेल का?

बोरू:
वेन-हेर म्हणजे शब्दशः चेहरा उघडणं. ‘मुखदर्शन’ इतका अचूक शब्द पंढरपुरात रोज वापरात असताना नुसतं दर्शन कशाला? ‘विसर्जन’ मात्र चूक. देवी कुठे जात नाही, जातो पुजारी. इनेत-रेद म्हणजे ‘पाऊल आणणं’: निघताना आपली पावलं कुंच्याने पुसत बाहेर यायचं.

दर्भ:
तिथे ‘केर काढणे’ लिहू नका. माणूस घराबाहेर पडल्यावर लगेच केर काढत नाहीत, हे आपल्या वाचकाच्या डोक्यात पक्कं असतं, तो बिचकेल. ‘पावलं पुसणे’ लिहा. आणि कुंचा देव्हाऱ्यासाठी वेगळा ठेवा, घरातला केरसुणी-झाडू नको.