रोटोरुआतल्या माओरींना 'नाटकी' म्हणणाऱ्यांसाठी

तिरफळ
वाटसरू यांचा न्यूझीलंड सहलीचा धागा वाचत होते. क्वीन्सटाउनपर्यंत छान चाललं होतं. मग रोटोरुआ आलं, म्हणजे गरम कुंडांचं आणि माओरींचं, तिथल्या मूळ लोकांचं शहर, आणि माझं डोकं फिरलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी सार: 'ते पुइया' नावाच्या माओरी केंद्रात भरमसाट तिकीट काढून गेलो, कमरेला झालर बांधलेल्या पोरांनी जीभ काढून दाखवली, बायकांनी दोरीला बांधलेले गोळे फिरवले, लगेच खेळ खल्लास, आणि बाहेर आलो तर तीच पोरं जीन्स घालून पार्किंगमध्ये फोनवर बोलत होती. वर मल्लिनाथी: "सगळं नाटकी. पर्यटकांना टोपी घालायचा धंदा. गरम पाण्याची कुंडं तर आपल्या वज्रेश्वरीलाही आहेत, तीही फुकटात." तिकडे उत्तर द्यायला गेले तर गाडी विमानाच्या तिकिटांवर घसरली होती, म्हणून हा वेगळा धागा.

आधी जीन्स. कामाची वेळ संपल्यावर त्या पोरांनी काय नेसायला हवं होतं? विसर्जनाला ढोल बडवणारी आपली पोरं दुसऱ्या दिवशी फेटा बांधून हिंजवडीला जातात का?

आता धंदा. हो, धंदा आहे. दीडशे वर्षांचा आहे. तूहोउरांगी जमातीचे लोक १८७०च्या दशकात 'ते वाइरोआ' नावाच्या गावातून गोऱ्या पाहुण्यांना सिलिकाच्या गुलाबी आणि पांढऱ्या नैसर्गिक पायऱ्या दाखवायला न्यायचे. होडीचे पैसे, वाटाड्याचे पैसे, हाका, म्हणजे त्यांचा जोशाचा नाच, बघायचा तर त्याचे वेगळे पैसे. १८८१ मध्ये त्यांनी हिनेमिही नावाचं सभागृह बांधलं. कोरीव मूर्तींच्या डोळ्यांत एरवी पाउआ शिंपला बसवतात, यांनी सोन्याची नाणी बसवली. पाहुण्यांकडून कमावलेलं सोनं, पूर्वजांच्याच डोळ्यांत. याला कोणी लाज म्हणतं का? १० जून १८८६ च्या पहाटे तारावेरा ज्वालामुखी फुटला, पायऱ्या गेल्या, गाव राखेखाली गेलं, शंभरावर माणसं मेली. सोफिया हिनेरांगी नावाच्या वाटाडीच्या घरात साठाच्या वर माणसं वाचली, हिनेमिहीत शिरलेलीही वाचली. गाव गमावलेल्या या लोकांना फाकारेवारेवा गावातल्या नातलगांनी आसरा दिला आणि तिथे, उकळत्या कुंडांच्या मधोमध, त्यांनी पुन्हा तेच काम सुरू केलं. ते पुइया त्याच खोऱ्यात आहे. तुम्ही ज्यांना नाटकी म्हणालात त्यांच्यात त्या घराण्यांची पोरं आहेत.

वाटसरू
माझ्या नावाने आख्खा धागा! लग्नातही एवढी प्रसिद्धी मिळाली नव्हती. आभार.

इतिहास सुरेख लिहिलात, पण सोयीस्कर लिहिलात. 'त्यांचा स्वतःचा धंदा' म्हणता, ते पुइया २०२० पर्यंत कोणाच्या मालकीचं होतं? सरकारच्या. २०२० मध्ये कायदा करून ते स्थानिक जमातींना परत दिलं. म्हणजे त्याआधी तिकिटाच्या खिडकीमागे कोण बसलं होतं? १९०१ मध्ये न्यूझीलंड सरकारने खास पर्यटनाचं खातं उघडलं, जगात पहिलं, आणि रोटोरुआ हे त्याचं लाडकं लेकरू. तेव्हा 'जमातीचा अभिमान' वगैरे जरा बेतानं घ्या.

आणि तिथल्याच वाई-ओ-तापूच्या गरम कुंडांचं बोलाच. रोज सकाळी सव्वादहाला एक माणूस येतो, लेडी नॉक्स नावाच्या गीझरमध्ये, म्हणजे जमिनीतून उसळणाऱ्या गरम झऱ्यात, साबण ओततो, मग फवारा उडतो, मग सगळे टाळ्या वाजवतात. हा निसर्ग? हे नाटक नाही तर काय आहे?

आगाऊ_बंडू
साबण???? आम्ही तो फवारा बघायला सकाळी सहाला उठून, पोहे न खाता गेलो होतो. आता कळतंय. ग्राहक पंचायतीत जायला हवं.

निवृत्त_मास्तर
बंडोपंत, तिथे साबण ओततात हे तो माणूस सगळ्यांदेखत माइकवर सांगतो. आपण तेव्हा सेल्फी घेत असणार.

शास्त्र सांगतो. त्या गीझरच्या पोटात वर गार पाणी, खाली तापलेलं पाणी. साबणाने पृष्ठताण घटतो, थरांची सरमिसळ होते आणि खालचं पाणी एकदम उसळतं. वीसेक मीटर जातं. साबणाने उष्णता तयार होत नाही. उष्णता जमिनीचीच. हे कळलं कसं, तर १९०१ च्या सुमारास तिथे झाडं लावायला आणलेल्या कैद्यांनी त्या गरम पाण्यात कपडे धुवायला घेतले आणि कपड्यांसकट सगळं उडालं. मग भोवती दगड रचून फवारा उंच केला आणि गव्हर्नरच्या मुलीचं नाव दिलं.

आगाऊ_बंडू
म्हणजे दगडही रचलेले!! मास्तर, तुम्ही माझी बाजू भक्कम करताय.

निवृत्त_मास्तर
पोहुतू गीझर बघा मग. ते पुइयात. त्याला ना साबण ना वेळापत्रक. तीस मीटरपर्यंत जातो, दिवसातून कितीतरी वेळा. थांबायची तयारी हवी, ती मात्र पॅकेजमध्ये येत नाही.

तिरफळ
साबणावर बोलायचं तर दुसरा धागा काढा. वाई-ओ-तापूच्या साबणाचा ते पुइयाच्या हाकाशी काय संबंध?

वाटसरू, २०२० चं बरोबर आहे. घ्या, दिलं. पण सरकारी मालकीचा तिथला हेतू काय होता तेही लिहा ना. कोरीव काम जाणणारी माणसं संपत चालली म्हणून १९२०च्या दशकात माओरी नेते आपिराना न्गाता यांनी रोटोरुआला शाळा काढली. १९६३ च्या कायद्याने तिची ते पुइयातली संस्था झाली, १९६७ ला लाकूडकामाची शाळा, १९६९ ला विणकामाची. तुम्ही ज्या तिकिटाला 'भरमसाट' म्हणता त्यातून ती पोरं शिकतात. आत गेलात ना? लाकूड तासणारी पोरं दिसली का, की थेट गिफ्ट शॉप?

वाटसरू
दिसली. काचेपलीकडे, प्राणिसंग्रहालयात असतात तशी.

तिरफळ
हे वाक्य तुम्ही परत वाचा आणि ठेवायचं की काढायचं ते ठरवा.

सांजसावली
वाटसरूंचा सूर मला पटत नाही, पण एक गोष्ट मलाही खटकली. ते पुइयाच्या शेजारचं फाकारेवारेवा गाव. तिथे पुलावर लहान पोरं उभी असतात, पर्यटक नाणी फेकतात आणि पोरं ओढ्यात उड्या मारून ती काढतात. माझ्या शेजारी उभा असलेला माणूस हसत हसत एक एक नाणं मुद्दाम लांब फेकत होता. मला तिथे थांबवेना. परंपरा आहे हे ठाऊक आहे. तरी.

तिरफळ
परंपरा म्हणजे त्या पोरांच्या आज्या-पणज्यांनीही हेच केलंय. त्याच गावातली मॅगी पापाकुरा, म्हणजेच माकेरेती, वाटाडी म्हणून इतकी गाजली की १९०१ मध्ये ब्रिटिश राजपुत्राला तिने गाव दाखवलं. पुढे ऑक्सफर्डला जाऊन स्वतःच्या लोकांवर लिहिलं. १९३० मध्ये ती गेली, पुस्तक १९३८ ला आलं. या गावाला बाहेरच्या कोणाची कणव नको आहे.

सांजसावली
मी पोरांची कणव केली नाही हो. नाणी फेकणाऱ्याबद्दल बोलले. आणि एक माकेरेती ऑक्सफर्डला गेली म्हणून पुलावरचं सगळं गोड होत नाही.

कोल्हापुरी_ठसका
दोन पैसे माझेही. सासऱ्यांना घेऊन एका नावाजलेल्या कंपनीच्या ग्रुप टूरने गेलो होतो. सासरे एसटीत ड्रायव्हर होते, बोलणं कमी. स्वागताला, पोफिरी म्हणतात तिला, पाहुण्यांतून एक 'प्रमुख' निवडतात. टूर मॅनेजरने सासऱ्यांना पुढे ढकललं, म्हातारा गंमत करेल म्हणून. समोरून योद्धा भाला परजत आला, डोळे वटारून, आणि फांदीचा तुकडा जमिनीवर ठेवून मागे सरला. तो उचलायचा, नजर न काढता, पाठ न दाखवता. सासऱ्यांनी असा उचलला की मला विठोबाच्या पायाशी वाकलेली माणसं आठवली. मग नाकाला नाक, कपाळाला कपाळ. आणि मागे आमचा ग्रुप! खिदळतोय, एक काकू जीभ काढून रील करतायत, एक जण "काका, ऑस्कर!" म्हणून ओरडतोय. शेवटी तिथल्या बाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. सासरे रात्री हॉटेलात एवढंच म्हणाले, "ते लोक खरं करत होते. आपणच खोटं बघत होतो." नाटकी कोण ते ठरवा.

शंभर_नंबरी
आला का शेवटी आवडता विषय! मराठी पर्यटक अडाणी, खिदळे, बेशिस्त. परदेशात राहणाऱ्यांना आणि त्यांच्या चाहत्यांना एवढंच लिहिता येतं. तिथे जर्मन, चिनी, अमेरिकन नव्हते का? ते काय तल्लीन होऊन उभे होते?

कोल्हापुरी_ठसका
मी कोल्हापुरात राहतो. आणि तो ग्रुप आमचाच होता, त्यातला मीही होतो. जर्मनांना झोडपायला जर्मन धागा शोधा.

आगाऊ_बंडू
साबणाचं राहिलंच. मास्तर, रोज इतका साबण जमिनीत जातो, त्याचं काय?

निवृत्त_मास्तर
साबणाची काळजी करताय, खरी काळजी बोअरची होती. रोटोरुआत घरोघरी, हॉटेलोहॉटेली बोअर मारून गरम पाणी उपसत होते. हीटिंग, अंघोळ, तरणतलाव, सगळं त्यावर. गीझर आटायला लागले. १९८६ मध्ये सरकारने पोहुतूपासून दीड किलोमीटरच्या आतले बोअर बंद करायला लावले, तेव्हा कुठे ते पुन्हा उसळू लागले. वायराकेईचं नशीब तसं नव्हतं. १९५८ ला तिथे भूगर्भीय वीजकेंद्र सुरू झालं आणि शेजारच्या खोऱ्यातले गीझर गेले ते गेलेच.

आणि वज्रेश्वरीचं. कोकणातली कुंडं ज्वालामुखीची नाहीत. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, तापतं, वर येतं. रोटोरुआ ज्वालामुखीच्या काहिलीतच बसलंय. दोन्हीकडे पाणी गरम, साम्य तिथे संपलं.

खारट_शेंगदाणा
रोटोरुआत दोन वर्षं नोकरी केली. बोअर बंद झाल्याच्या शिव्या आमचे घरमालक अजून देतात. फुकट गरम घर गेलं, विजेचं बिल आलं. त्यांच्या मते गीझर पर्यटकांसाठी वाचवले आणि गावकरी गारठले. हाही एक पक्ष आहे, तो कोणी मांडत नाही.

सांजसावली
घरमालक माओरी होते?

खारट_शेंगदाणा
नाही. स्कॉटिश वंशाचे. कळला तुमचा प्रश्न. फाकारेवारेवातल्या घरांना मात्र वाफ अजून मिळते, त्यांची कुंडं त्यांच्याच अंगणात. मक्याची कणसं, मांस सगळं त्यातच शिजतं आणि पर्यटक गेले की संध्याकाळी घरची माणसं तिथल्या सामायिक हौदांत अंघोळीला उतरतात. मला एकदा शेजाऱ्यांनी नेलं होतं. आजोबा, नातू, सगळे गळ्यापर्यंत पाण्यात, रग्बीवर भांडतायत. माझ्याकडे कोणी ढुंकून बघितलं नाही. वाटसरूंना हवं असलेलं 'अस्सल' हेच असावं, फक्त त्याला तिकीट नाही.

वाटसरू
शेंगदाणे, हे आधी लिहिलं असतंत तर धागा इतका वाढला नसता. ठीक. पार्किंगमधल्या जीन्सचं वाक्य मागे घेतो. काचेचं पण घेतो, तिरफळताईंची झोप उडायला नको. तिकीट महागच होतं. आणि साबण हा साबणच आहे.

तिरफळ
उपकार झाले.

भुईनळा
वाद चालू द्या, मला फक्त इतकं सांगा. फेब्रुवारीत आई-बाबांना घेऊन चाललोय. ते पुइया आणि गाव दोन्ही करू की एकच? आई शुद्ध शाकाहारी.

खारट_शेंगदाणा
वेळ एकासाठीच असेल तर गाव. पोहुतू तिथूनही दिसतो, मधे कुंपण आहे इतकंच. पण कोरीव काम बघायचं असेल तर ते पुइया. हांगीत, म्हणजे तिथल्या वाफेवरच्या जेवणात, रताळं, भोपळा, मका असतो, पण मांसासोबत एकाच वाफेवर, तेव्हा आधी विचारा. सभागृहात शिरताना बूट बाहेर. आणि हवेत गंधक आहे, चांदी काळी पडते. बायकोचे पैंजण पहिल्याच आठवड्यात गेले. आईंना सांगा, जोडवी काढून बॅगेत ठेवा.

शंभर_नंबरी
जोडवी काढा?? नवरा शेजारी उभा असताना?

निवृत्त_मास्तर
शंभर_नंबरी, घासली की लखलखतात. यावर धागा काढू नका.