गोव्यातच राहून आयटीत वर गेलेल्या बायकांनो, लिहा : अनुभव धागा

अबोली :
मागच्या महिन्यात फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या मुलींशी बोलायला गेले होते. एकीने विचारलं, "ताई, मॅनेजर व्हायचं तर पुण्याला नाहीतर बेंगळुरूला जावंच लागतं ना?" मी नाही म्हटलं. पण माझ्या एकटीच्या उदाहरणावर तिने का विश्वास ठेवावा? म्हणून हा धागा. वेर्णा, पर्वरी, पाटो, घरून काम करणाऱ्या, मध्ये सोडून परत आलेल्या, सगळ्यांनी लिहा. कंपनीचं नाव नको. पद कसं मिळालं, कुठे अडलं, काय मागितलं ते सांगा. नुसतं 'मेहनत केली' लिहू नका, मेहनत सगळ्याच करतात.

सुरुवात माझ्यापासून. मी सत्तरी तालुक्यातली. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून एकदम इंग्रजी. अकरावीत सरकारच्या सायबरएज योजनेतून घरी कॉम्प्युटर आला आणि माझी दिशा ठरली. २००८ मध्ये वेर्ण्याला टेस्टिंगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधले दोष शोधायच्या कामाला, लागले. सहा वर्षं नवीन मुलांना शिकवणं, मीटिंगचे मुद्दे लिहून पाठवणं, रिलीजच्या (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती देण्याच्या) आदल्या रात्री सगळ्यांकडून कामं पुरी करून घेणं हे मीच करायचे. अप्रेझलमध्ये (कामाच्या वार्षिक मूल्यमापनात) दर वर्षी एकच वाक्य : 'टीमला सांभाळून घेते.' लीड, म्हणजे टीमचा प्रमुख, मात्र माझ्यानंतर दोन वर्षांनी आलेला मुलगा झाला. मी साहेबांना विचारलं, तर म्हणाले, "तुला हवंय असं तू कधी बोलली नाहीस." त्या दिवशी घरी येऊन खूप रडले. पण दुसऱ्या दिवसापासून वही लिहायला घेतली. कुठल्या रिलीजमध्ये कोणता दोष मी पकडला, तो ग्राहकाकडे गेला असता तर काय झालं असतं, कोणाला काय शिकवलं, सगळं तारखेसकट. पुढच्या अप्रेझलला ती वही घेऊनच बसले आणि पहिलं वाक्य बोलले : मला लीड व्हायचंय. आठ महिन्यांनी झाले.

डिचोलीची :
अबोलीताई, तुमचं वाचून मला माझी बस आठवली. माझा सगळा अनुभव त्या बसभोवतीच आहे.

डिचोली ते पणजी, पणजीहून वेर्णा, संध्याकाळी तेच उलट. आमचा ग्राहक न्यूयॉर्कचा. त्यांचे सकाळचे साडेनऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे सात. कॉल संपवून धावत सुटलं तर पणजीहून डिचोलीची शेवटची बस कशीबशी मिळायची. नोव्हेंबरात ते लोक घड्याळं एक तास मागे घेतात, मग तोच कॉल आपल्याकडे आठला. बस गेली. वडील मोटरसायकल घेऊन पणजीला यायचे, पावसाळा लांबला की भिजत. तिसऱ्या हिवाळ्यात मी कॉलला बसणं सोडलं. कोणी काही बोललं नाही, उलट 'तू जा, आम्ही बघतो' म्हणाले. चांगल्या मनानेच म्हणाले. पण ग्राहकाला आवाज ओळखीचा होता तो कॉलवर बसणाऱ्यांचा. डिझाइन माझं, समजावून सांगणारा दुसरा. प्रमोशनची वेळ आली तेव्हा ग्राहकाने ज्याचं नाव घेतलं, तो वर गेला. त्या मुलाचा यात काही दोष नव्हता, हे मला आजही सांगावंसं वाटतं.

पुढे एका नव्या प्रोजेक्टवर मी पहिल्याच आठवड्यात मेल लिहिला : आपला कॉल भारताच्या घड्याळाला बांधूया, बारा महिने संध्याकाळी सात. हिवाळ्यात तुमचे साडेआठ होतील, चालेल का? दहा मिनिटांत उत्तर आलं, 'नक्की.' इतकी वर्षं हे कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. माझ्या टीममधल्या काणकोणच्या आणि पेडण्याच्या दोन्ही मुली आता कॉलवर स्वतः बोलतात. मी डिलिव्हरी मॅनेजर आहे आणि रिलीजच्या कॅलेंडरमध्ये चवथ (गणेशचतुर्थी), तीन डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त आणि नाताळ वर्षाच्या सुरुवातीलाच घालते. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधायच्या दिवशी माझ्या टीमने लॅपटॉप उघडलेला मला चालत नाही.

रानवारा :
माझं सगळं गोड नाही, पण लिहिते.

२०१७ मध्ये कायदा बदलला, बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली. मी २०१८ मध्ये ती पूर्ण घेतली. परत आले तर माझं मॉड्यूल (सॉफ्टवेअरमधला माझ्याकडचा भाग) दुसऱ्याकडे आणि रेटिंग 'सरासरी', कारण म्हणे सहा महिने काम दिसलं नाही. रजा हक्काची आणि रेटिंग मात्र कापलेलं! मी लेखी विचारलं, लेखी उत्तर कधीच मिळालं नाही. त्याच कायद्यात ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं, असं आहे. आम्ही चौघींनी कायद्याची प्रत काढून एचआरला दिली. पाळणाघर झालं. रेटिंग काही बदललं नाही, म्हणून वर्षभराने मी नोकरी बदलली. नव्या ठिकाणी आता अकरा जणांची टीम आहे. रजेवरून परतणाऱ्या प्रत्येकीशी तिच्या पहिल्या दिवशी मी अर्धा तास बोलते : तुझं काम कुठे ठेवलंय, काय बदललं, तुला पुढे काय हवंय. आणि रेटिंग ती हजर असलेल्या महिन्यांवरच.

पर्वरीकर :
कार्यालयातल्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार समितीची अध्यक्ष वरिष्ठ स्त्रीच लागते. आमच्याकडे वरिष्ठ स्त्री मी एकटी, म्हणून अध्यक्ष मी. मुलाखतींच्या पॅनेलवरही मीच, कॉलेजात जायचं तरी मीच. कामं महत्त्वाची आहेत, मनापासून करते. पण ही सगळी तासांत मोजून अप्रेझलमध्ये लिहायला लागले तेव्हाच कोणाच्या तरी लक्षात आलं की दुसरी वरिष्ठ स्त्री तयार करायला हवी.

अबोली :
@पर्वरीकर, तास मोजायची कल्पना मी उचलतेय. मॅनेजर न होता वर गेलेली कोणी आहे का? त्या मुलींनी तेही विचारलं होतं.

माशेलची :
मी आहे. प्रिन्सिपल इंजिनिअर. माझ्या हाताखाली एकही माणूस नाही.

जुलैतली रात्र, गावात वीज गेलेली, इन्व्हर्टरवर लॅपटॉप. पेमेंट अडकली होती आणि कॉलवर पंधरा जण एकमेकांना विचारत होते, कोणी काय बदललं. मी म्हटलं, थोडा वेळ कोणी बोलू नका, आणि लॉग, म्हणजे सिस्टिमने ठेवलेल्या नोंदी, वाचायला घेतले. एका सर्टिफिकेटची (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याची) मुदत त्या मध्यरात्री संपली होती. नवीन चढवायला वीस मिनिटं लागली. सकाळी अहवाल लिहिताना एका मुलाचं नाव चूक करणारा म्हणून त्यात घाल असं मला सुचवण्यात आलं. मी घातलं नाही. मुदत लक्षात ठेवायचं काम माणसाच्या डोक्यावर का होतं, ते लिहिलं आणि तीस दिवस आधी इशारा देणारी व्यवस्था बसवली. त्यानंतर काही बिघडलं की मुलं लपवत नाहीत, आधी मला सांगतात.

नवीन सभासद :
सगळं वाचलं. पण पगार कसा मागितला, ते कोणीच लिहिलं नाही. मला पुढच्या मंगळवारी बोलायचंय.

डिचोलीची :
बाय, खरंय, राहिलंच ते. पहिल्यांदा मी आकडा ठरवून गेले होते, पण बोलताना जीभ अडखळली आणि ठरवल्यापेक्षा कमीच सांगितला. तेवढाच मिळाला. पुढच्या वर्षी आकडा कागदावर लिहून नेला, कागद टेबलावर त्यांच्यापुढे ठेवला आणि ते बोलेपर्यंत गप्प बसले. तूही आकडा आजच लिहून ठेव. इथे नको, वहीत.