हल्ली कोणती रेकॉर्ड घेतलीत? आणि ऑपेरा खरंच आवडतो का?

जुनी तबकडी (पुणे)

मंडळी, धाग्याला निमित्त माझ्या फजितीचं आहे. गेल्या रविवारी जुन्या बाजारात नळाच्या तोट्या नि जुनी कुलपं मांडलेल्या चादरीवर डेक्का कंपनीचा तीन एलपींचा खोका दिसला. पुच्चिनीचा 'तुरांदोत', १९७२ चं रेकॉर्डिंग, सदरलंड, पावारोत्ती, काबाये आणि कंडक्टर आपल्या मुंबईचे झुबिन मेहता. खोक्याचा एक कोपरा उंदराने कुरतडलेला, पण पहिल्या दोन तबकड्या काढून उन्हात धरल्या तर चकाचक, तिसरी बघणार तेवढ्यात मागे एक गृहस्थ येऊन उभा राहिला आणि खोक्याकडे टक लावून बघायला लागला म्हणून मी घाईघाईत बाराशे मोजले, घासाघीसही केली नाही. घरी आलो, चहा केला, पहिला अंक ऐकला, दुसरा ऐकला आणि तिसऱ्या पाकिटातून निघाली सत्यनारायणाची कथा.

आता 'नेस्सुन दोर्मा' हे त्यातलं गाजलेलं गाणं आहे तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला. म्हणजे ज्याच्यासाठी खोका घेतला तेच गायब. १९९० च्या फुटबॉल वर्ल्डकपला बीबीसीने नेमकं हेच रेकॉर्डिंग वाजवलं आणि ते जगभर झालं, माझ्याकडे मामाने दुबईहून आणलेल्या कॅसेटवर होतं, ती कॅसेट झिजून गेली. प्रसंग असा की त्या परक्या राजपुत्राचं नाव कळेपर्यंत पेकिंगमध्ये कोणी डोळा मिटायचा नाही असा राजकन्या तुरांदोतचा हुकूम आहे. सक्तीची कोजागिरी, तीही बिनदुधाची. आणि हा पठ्ठ्या मध्यरात्री बागेत उभा राहून गातो की माझं नाव कोणालाच कळणार नाही, पहाटे मीच जिंकणार.

तर तुम्ही हल्ली काय घेतलंत ते लिहा. एलपी, सीडी, काहीही चालेल. ऑपेरा आवडत नसेल तर तेही लिहा, पण ऐकून मग लिहा.

कानसेन

सत्यनारायण 😂 प्रसाद केलात का?

मी सरळ सांगतो, मला नाही झेपत. तीनदा प्रयत्न केला. बायकोने वाढदिवसाला मारिया कालासची 'तोस्का' आणून दिली, १९५३ ची, द साबाता कंडक्टर, सगळे म्हणतात ऑपेराचं याहून चांगलं रेकॉर्डिंग झालंच नाही. मोनो आहे. मी दिवे मालवून बसलो, अर्ध्या तासात उठलो. माझी अडचण अशी की आम्ही लहानपणापासून सूर लागला म्हणजे तो लागला, तिथे थांबला, असं ऐकत आलोय. यांचा सूर सारखा थरथरतो, एकेका स्वरावर मांडव हलल्यासारखं वाटतं, आणि एवढ्या जोरात कशाला? वाद्यवृंद आवडतो, नुसता ऐकवा, तासभर ऐकेन.

साउंडवाला

जोरात, कारण माईक नाही हो. स्टेजसमोरच्या खड्ड्यात साठ-सत्तर वाजवणारे, त्यात पितळी वाद्यं, त्या सगळ्यांच्या वरून शेवटच्या रांगेपर्यंत जायचं. मी लग्नांचे, गणपतीचे कार्यक्रम करतो, तिथे गाणाऱ्याला जरा खोकला झाला की मॉनिटर वाढवा म्हणतात, म्हणून मला याचं जास्त कौतुक. यात नुसता दम नाही. तयार ऑपेरा गायकाच्या आवाजात ३००० हर्ट्झच्या आसपास एक उंचवटा येतो, आणि वाद्यवृंदाचा जोर त्याच्या बराच खाली असतो, त्यामुळे तेवढ्या फटीतून आवाज आरपार निघतो. घसा फाडून काही होत नाही, दोन महिन्यांत आवाज बसेल. आपल्याकडे बालगंधर्व सुरुवातीची कितीतरी वर्षं बिनमाईकचेच गायले ना.

बाकी हे सगळं हेडफोनवर कळत नाही, तिथे आवाज थेट कानात ओरडतो. स्पीकरवर, जरा लांब बसून ऐका.

कानसेन

लांब म्हणजे किती? आमचा हॉल दहा बाय बारा आहे.

गिरगावकर

मी आयुष्याची चाळीस वर्षं 'ऑपेरा हाउस' हे बसस्टॉपचं नाव म्हणून वापरलं. उतरायचं, हिरेबाजारातल्या गर्दीतून वाट काढायची, आत काय आहे याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. आजोबा सांगायचे इथे सिनेमे बघितले म्हणून. १९११ साली पंचम जॉर्जच्या हातून उद्घाटन झालेली इमारत, शेवटी शेवटी कबुतरांचीच होती. २०१६ ला दुरुस्त होऊन उघडली तेव्हा पहिल्या कार्यक्रमात मुंबईच्याच पॅट्रिशिया रोझारियो गायल्या. मी नंतर वर्षभराने केव्हातरी आत गेलो आणि मान वर करून नुसता घुमटच बघत बसलो, गाण्याकडे लक्ष नव्हतं, खोटं कशाला बोलू.

खरेदी म्हणाल तर दलीबचा 'लाक्मे', सीडी, नाताली देसे गायलीय. फ्रेंच माणसाने १८८३ साली रंगमंचावर आणलेला भारत, नक्की ऐका, करमणूक हमखास. बाप नीलकंठ नावाचा पुजारी, मुलगी लाक्मे म्हणजे आपली लक्ष्मी, दासी मल्लिका, आणि लाक्मेचं प्रेम बसतं एका इंग्रज अधिकाऱ्यावर. शेवटी ती धोत्र्याचं पान खाऊन मरते. धोतरा! आमच्याकडे महाशिवरात्रीला त्याची फळं महादेवाला वाहतात. पण त्या दोघी नदीवर फुलं तोडायला जातात तेव्हाचं द्वंद्वगीत लागलं की टिंगल विसरायला होते. जाता जाता, बायकोच्या ड्रॉवरमधली ती लिपस्टिक याच बाईच्या नावाची, टाटांनी १९५२ ला ब्रँड काढला तेव्हा हेच नाव उचललं.

सुरभी_न्यूजर्सी

माझी खरेदी ऐका, कारण मी अजून त्यातून बाहेर आले नाहीये. फिलिप ग्लासचा 'सत्याग्रह', १९८५ च्या रेकॉर्डिंगच्या तीन सीडी, लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या सेलमध्ये दोन डॉलरला. गांधीजी, दक्षिण आफ्रिका, एवढंच माहीत होतं. गाडीत लावली. एक पुरुष एकटाच गायला लागतो, खाली चेलो तेच तेच वाजवतायत, मला वाटलं इटालियन आहे, आणि दोन मिनिटांनी कानात शिरलं, "योत्स्यमानानवेक्षेऽहं"... मी एक्झिट चुकवली. अहो, संस्कृत आहे! अख्खा ऑपेरा भगवद्गीतेतल्या श्लोकांवर, गोष्ट स्टेजवर गांधीजींची नि तोंडी फक्त गीता. आमच्या शाळेत गीता पाठांतराची स्पर्धा असायची, मी बाराव्या अध्यायाला दुसरी आले होते, पहिला अध्याय नावांची यादी म्हणून कोणी घ्यायचं नाही. ते उच्चार ऐकून बाईंनी छडीच काढली असती, ण नाही, विसर्गाचा पत्ता नाही, पण पाचदा दहादा तेच चरण येत राहतं तेव्हा उच्चाराचं भान सुटतं.

आणि शेवट. शेवटच्या गाण्यात गांधी एकटा उरतो आणि एक साधा आरोह गातो, खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंत, परत खालून, परत खालून, किती वेळा ते मी मोजायचं सोडून दिलं. मी पेटी काढून ताडून बघितलं. रे ग ध नी सगळे कोमल. भैरवी! आणि शब्द कोणते तर "यदा यदा हि धर्मस्य". आता अमेरिकन माणसाने मैफल भैरवीने संपवायची म्हणून मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही (पॅरिसला रविशंकरांबरोबर काम केलं होतं त्याने, पण म्हणून लगेच भैरवीच असं नाही), मला मात्र पार्किंगमध्ये इंजिन बंद करून बसून राहावं लागलं.

तंबोरा

सुरभीताई, छान लिहिलंत, पण किरकोळ दुरुस्ती. ती भैरवी नव्हे, तो नुसता भैरवी थाट. सरळ आरोह गायला म्हणजे राग होत नाही, भैरवीचं चलन कुठाय त्यात?

सुरभी_न्यूजर्सी

बरं. थाटाने रडवलं म्हणू.

मडगावकार

आमच्याकडे ऑपेरा वेगळ्याच वाटेने शिरला. मुंबईत इटालियन ऑपेरा कंपनी आलेली, ती बघून लुकाझिन्हो रिबेरो नावाचा गोंयकार एवढा भारावला की त्यांच्यातच नोकरीला लागला, पुढे कंपनी उठली तेव्हा त्यांचे कपडे विकत घेतले आणि १७ एप्रिल १८९२ ला मुंबईतच 'इटालियन भुरगो' लावला. तोच पहिला तियात्र, म्हणजे आमचं कोंकणी संगीत नाटक. मग तियात्रातली कांतारां, म्हणजे गाणी, ऐकताना मला ते उसने कपडे आठवतात नेहमी. मी हल्ली फक्त मांडोंची, म्हणजे आमच्या जुन्या गोंयच्या गाण्यांची, एक सीडी घेतली, घरच्या म्हाताऱ्यांसाठी, ती त्यांनी एकदाही लावली नाही, त्यांना तोंडपाठ आहे सगळं.

रुमालवाला

ऑफिसच्या कामाने व्हिएन्नाला आठ दिवस होतो. तिथल्या स्टेट ऑपेरात उभं राहून बघायची स्वस्त तिकिटं मिळतात. रांगेत उभे राहा, तिकीट घ्या, आत पळा, कठड्यापाशी जागा पकडा, आणि मग त्या कठड्याला आपला स्कार्फ किंवा रुमाल बांधून खुशाल पाणी प्यायला जा, कोणी हात लावत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकलेला माणूस मी, मला पहिल्यांदाच परदेशात माहेरी आल्यासारखं वाटलं. समोर चिमुकल्या पडद्यावर शब्दांचं भाषांतर येत राहतं.

'तोस्का' होती, १९५८ पासून तेच नेपथ्य, तेच कपडे, म्हणजे आपल्या 'सौभद्रा'सारखं, नट बदलतात. कानसेन, तुम्ही ज्या सीडीवरून उठलात त्यातलं दुसऱ्या अंकाचं शेवटचं सांगतो. तोस्का त्या पोलीसप्रमुखाला सुरीने मारते. मग पळून जायला हवं ना? नाही जात. दोन जळत्या मेणबत्त्या उचलते, एक त्याच्या डोक्याच्या या बाजूला, एक त्या बाजूला ठेवते, भिंतीवरचा क्रूस काढून छातीवर ठेवते आणि मग हळूच निघते. गाणं नाही, फक्त वाद्यं. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी, त्या वर्षानुवर्षं बघत असणार, तरी कठडा घट्ट धरला होता.

कानसेन

हे कानाला कसं दिसणार? पण बरं, दुसरा अंक लावतो.

शेलॅक

माझ्याकडे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्याच तबकड्या, त्यामुळे माझं सगळं तीन-तीन मिनिटांचं. नवी खरेदी इटालियन गायक कारुसोची एक, किंमत सांगत नाही, घरचे वाचतात. गंमत म्हणजे फ्रेड गेसबर्ग नावाच्या एकाच माणसाने १९०२ च्या एप्रिलमध्ये मिलानच्या हॉटेलात कारुसोची दहा गाणी शंभर पौंडांत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्याला येऊन गौहर जानचं गाणं भरलं. शेवटी ती इंग्रजीत आपलं नाव सांगते ते काही मिरवायला नाही, तबकड्या जर्मनीत छापायच्या, तिथल्या कारागिरांना कळायला नको का कोण गातंय ते? मी दोन्ही लागोपाठ लावतो. दोघांच्या मागे तीच खरखर.

हप्तेवाला

वॅग्नरचा 'रिंग', कंडक्टर सोल्टी, १९ एलपी, चार ऑपेरे मिळून साधारण पंधरा तास. सहा हप्ते. आई म्हणाली एवढ्यात पोथीचा सप्ताह होतो. आत्तापर्यंत पहिलाच ऐकून झालाय, त्यात पाताळात बुटके सोनं घडवतात तिथे वॅग्नरने खऱ्या अठरा ऐरणी मागितल्या आहेत. आम्ही कसब्यातले. तांबट आळीत सकाळी नऊला हेच फुकट असतं. तरी सांगतो, ऐरणी एकदम सुरू होतात तेव्हा घरातली भांडी वाजली.

तळ्याकाठचा (ठाणे)

जुनी तबकडी, तुमचा १९७२ चा डेक्काचाच खोका ना? माझ्याकडे तोच आहे. टेरेसवरच्या खोलीत पहिली तबकडी उन्हाने वाकून पापड झाली, दुसरीवर मुलाने स्केचपेनने बस काढलीय. तिसरी ठीक आहे, एका जागी टक् होतं, 'नेस्सुन दोर्मा' संपल्यावर, तेवढं चालत असेल तर घेऊन जा. पैसे नकोत. पुढच्या शनिवारी पुण्याला येतोय, डेक्कनला भेटू.

जुनी तबकडी (पुणे)

अहो काय सांगता! टक् काय, दोन टक् चालतील. शनिवारी साडेदहाला, जागा खाजगी निरोपात कळवतो. येताना सत्यनारायण घेऊन येऊ का?

तळ्याकाठचा (ठाणे)

आणा. आईला हवाय.