शुक्रवारचं पत्रक कोण वाचतं? (आणि का वाचावं?)

घोडबंदरवाली

परवा शाळा-पालक धाग्यावर 'खडूफळा' या आयडीने लिहिलेलं वाचलं आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. तिथे उत्तर दिलं असतं तर गर्दीत वाहून गेलं असतं, म्हणून वेगळा धागा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आम्ही दर शुक्रवारी वर्गाचं साप्ताहिक पत्रक पाठवतो, पुढच्या आठवड्याचं सगळं त्यात असतं, तरी पालक वाचत नाहीत आणि रविवारी रात्री ग्रुपवर "उद्या काय न्यायचंय?" विचारतात. वर टोमणा, की मोबाइल हातात असतोच, जरा खाली स्क्रोल करा.

बाई, करते हो स्क्रोल. दुसरीतल्या मुलीचं पत्रक समोर ठेवूनच लिहितेय. पहिल्या पानावर मुख्याध्यापिकांचा संदेश, फॅन्सी ड्रेसचे फोटो आणि 'महिन्याचं मूल्य : कृतज्ञता'. दुसऱ्या पानावर इंग्रजीत काय झालं, गणितात काय झालं, ईव्हीएसमध्ये (परिसर अभ्यास) पाणी. या पाण्याच्या परिच्छेदाच्या पोटात, "मुलांनी खूप छान प्रश्न विचारले" याला लागूनच, "मंगळवारी अर्धी कापलेली पारदर्शक बाटली, वाळू, खडे व कापूस आणावा." ना ठळक, ना वेगळ्या ओळीत. फीची आठवण मात्र लाल चौकटीत!

मंगळवारी सगळा वर्ग गढूळ पाणी गाळत होता आणि आमची बया हाताची घडी घालून बघत होती. घरी येऊन एवढंच म्हणाली, "तू वाचत का नाहीस?"

माझा मुद्दा एवढाच. काय शिकवलं ते सावकाश सांगा, मला वाचायला आवडतं. पण काय आणायचं, कधी आणायचं, कुठला ड्रेस घालायचा, हे सगळ्यात वर टाका. ते शोधायला लावायचं आणि सापडलं नाही की पालक बेफिकीर, हे चालणार नाही. आणि घोडबंदर रोडला वाळू कुठे मिळते हेही एकदा सांगा. मेट्रोच्या खांबाखालून उचलून आणू?

कासारवडवली_२बी

+१. आमच्याकडे तर पत्रक ॲपवर, गृहपाठ दुसऱ्या ॲपवर, बसची सूचना व्हॉट्सॲपवर आणि सहीसाठी शाळेचं कॅलेंडर वेगळं. एवढ्या ठिकाणी तर मी माझे पैसेही ठेवत नाही.

खडूफळा

माझं नाव घेऊन धागा काढलाय तर उत्तर देणं भाग आहे.

पत्रकाचा साचा मी ठरवत नाही. तो वरून येतो. मुख्याध्यापिकांचा संदेश पहिल्या पानावर, फोटो पहिल्या पानावर, हे ठरलेलं आहे. मी मजकूर बुधवारी सुपरवायझरकडे देते, त्या तपासतात, शुक्रवारी तो जातो. गुरुवारी काही ठरलं तर ते पत्रकात येऊच शकत नाही. हे सगळं शाळा सुटल्यावर, घरी, माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर. त्याचा पगार वेगळा मिळत नाही.

आधी मी ग्रुपवर रोज एका ओळीत सांगायचे. "उद्या पीटीचा ड्रेस." त्याखाली अंगठे, नमस्कार, 'थँक यू मॅम', मध्येच कुणाचं तरी सुप्रभात, आणि संध्याकाळपर्यंत माझी ओळ कुठच्या कुठे गेलेली. मग ग्रुप फक्त ॲडमिनने लिहिण्यापुरता ठेवला, तर शाळा हुकूमशाही करते म्हणून तक्रार. मग आयांनी वेगळा ग्रुप काढला आणि तिथे माझ्याबद्दल काय लिहितात ते मला कळतं, हेही सांगून ठेवते.

आणि मुलीला बसवून ठेवलं म्हणता. मी असते तर दोघींना एका बाटलीवर घेतलं असतं. सगळ्या शिक्षकांना एकाच मापाने मोजू नका.

घोडबंदरवाली

तुम्ही घेतलं असतं, हे मान्य. पण मग मोजमाप आमचंही एकाच मापाने नको. 'पालक वाचत नाहीत' हे तुमचंच वाक्य आहे.

नौपाडा_आजोबा

आमच्या वेळी शेवटच्या तासाला बाई फळ्यावर सूचना लिहीत. मुलं उतरवून घेत. घरी येऊन मूल सांगे. नाही सांगितलं तर दुसऱ्या दिवशी त्याचं ते बघे. आता सूचना बाईंकडून थेट आईकडे जाते, मधलं मूल फक्त दप्तर वाहतं. सात वर्षांच्या मुलाला "उद्या कापूस हवा" एवढं लक्षात ठेवता येत नाही का?

कासारवडवली_२बी

आजोबा, तुमच्या वेळी अर्ध्या बाटल्या कापून मागत नव्हते. पाटी-पेन्सिल झाली की शाळा झाली.

नौपाडा_आजोबा

पाटीवाल्यांनीच तुम्हाला शिकवून मोठं केलंय. असो.

ऐरोली_बाबा

मला एक वेगळंच सांगायचंय. पत्रक येतं ते आईच्या नंबरवर. शाळेचं सगळं मी बघतो, बायकोची शिफ्ट असते. दोनदा अर्ज दिला की माझा नंबर घाला. ग्रुपचं नाव 'मॉम्स', त्यात बाप कसा घ्यायचा म्हणे! मी ट्रान्स हार्बर लोकलला लटकत बायकोने पुढे पाठवलेली पीडीएफ वाचतो. अक्षर एवढं बारीक, की रबाळ्याला झूम करायला घेतली तर तुर्भ्याला 'बुधवार' दिसतो.

शिवाय पत्रक इंग्रजीत. दुपारी घरी माझी आई असते, तिला वाचता येत नाही. मराठी विषय २०२०च्या कायद्याने सगळ्या बोर्डांना सक्तीचा झाला, पण तो मुलांनी शिकायचा. शाळेने पालकांशी मराठीत बोलावं असं कुणाला वाटत नाही.

स्पष्टवक्ता_वर्तकनगर

मग मराठी शाळेत घालायचं होतं. इंग्रजी माध्यमाची हौस आणि पत्रक मराठीत हवं!

ऐरोली_बाबा

आलं, हे येणारच होतं. तुमची मुलं कुठल्या माध्यमात आहेत ते आधी सांगा.

स्पष्टवक्ता_वर्तकनगर

तो विषय नाही.

दिवाळेकर

एवढी पत्रकाची चिरफाड केलीत, पण त्यातलं डब्याचं वेळापत्रक कुणाला दिसलं नाही का? आमच्या पत्रकात दर आठवड्याला चौकट असते. सोमवार पोळी-भाजी, मंगळवार इडली, बुधवार पराठा, गुरुवार कडधान्य, शुक्रवार 'मुलांच्या आवडीचं'. खाली बारीक टीप : अंडी व मांसाहार आणू नये.

आमच्या पोराला आवडतात अंडी. पहिलीतला पोरगा, त्याला 'आवडीचं' एवढंच कळलं. आजीने दोन उकडून, मिठाची पुडी कागदात बांधून दिली. दुपारी डबा तसाच परत. झाकणावर चिकटवलेली चिठ्ठी : 'कृपया नियम पाळावेत.' डबा उघडला तर वास घरभर. पोरगा उपाशी, आणि वर विचारतो, "अंडं खाणं वाईट असतं का?" आजी दिवाळे गावच्या बाजारात मासळी विकून घर चालवलेली बाई. तिला काय सांगायचं?

शाकाहारी_पण_शांत

तुमचं दुःख समजू शकते, पण प्रवेशाच्या वेळी नियमावलीवर सही केली होतीत ना? लहान मुलं एकमेकांच्या डब्यात हात घालतात. माझ्या मुलाने नकळत काही खाल्लं तर घरी सासूबाईंना मी काय सांगू? आणि बंद वर्गात वास येतोच.

दिवाळेकर

वास? मुळ्याच्या पराठ्याला काय अत्तराचा वास येतो? सही म्हणाल तर ती फीच्या पावतीबरोबर घेतात. त्यावर कोण वाद घालणार, प्रवेश हातचा घालवायला?

खडूफळा

हा नियमही वर्गशिक्षकाचा नसतो. पण पूर्ण डबा परत पाठवणं चूक. मूल उपाशी ठेवायचं नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी सांगतात. ऑफिसमध्ये बसवून खायला द्यायला हवं होतं.

दिवाळेकर

म्हणजे माझ्या पोराने ऑफिसात वेगळं बसून खायचं? वा!

खडूफळा

मी तसं म्हटलं नाही.

दिवाळेकर

म्हटलंत की. वरती लिहिलंय.

कासारवडवली_२बी

सरकारलाच ठरवता येत नाही तर शाळांचं काय! नोव्हेंबर २०२३मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं सुरू केलं. जो खात नाही त्याला केळं. मला तरी ते सरळ वाटलं होतं, दोघांचीही सोय. जानेवारी २०२५मध्ये बंद केलं.

नौपाडा_आजोबा

बंद केलं नाही, निधी बंद केला. लोकवर्गणीतून द्यायचं असेल तर शाळांनी द्यावं म्हणाले. नीट वाचा.

कासारवडवली_२बी

महापालिकेच्या शाळेतल्या मुलांचे पालक वर्गणी काढून अंडी आणणार! बरं, 'बंद' शब्द मागे. ताटात अंडं काही परत आलं नाही.

शाकाहारी_पण_शांत

पोषण आहार सरकारचा, तिथे द्या हवं तर. खासगी शाळेला आपला नियम ठेवायचा हक्क आहे. अंड्याशिवाय मुलं वाढतात, माझी वाढली. डाळ, पनीर, शेंगदाणे आहेत.

घोडबंदरवाली

शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल आमच्या वर्गात आहे आणि त्याची टीप पत्रकात कधीच आली नाही. मला हे त्याच्या आईकडून वाढदिवसाला कळलं, चिक्की वाटायच्या जरा आधी. जी सूचना जिवावरची आहे ती नाही, आणि अंड्याची दर आठवड्याला. आता बोला.

शाकाहारी_पण_शांत

ते मात्र यायला हवं होतं.

दिवाळेकर

हक्काचं म्हणताय तर ऐका. १९७० साली सिडको आली, गावांच्या जमिनी घेतल्या, त्यावर ही नवी मुंबई उभी राहिली. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळावी म्हणून आमच्या बापजाद्यांनी रस्त्यावर मार खाल्ला, १९८४ला माणसं गेली. ज्या मातीत आम्ही सुकट वाळवली तिथे शाळा बांधायची आणि आम्हालाच सांगायचं डब्यात काय आणायचं.

स्पष्टवक्ता_वर्तकनगर

पत्रकावरून डब्यावर, डब्यावरून साडेबारा टक्क्यांवर. पुढचं स्टेशन नवी मुंबई विमानतळाच्या नावाचा वाद असेल.

दिवाळेकर

तुम्हाला हसायला काय जातंय? वर्तकनगरला बसून.

स्पष्टवक्ता_वर्तकनगर

हसत नाही. माझा मुलगा सिंधुदुर्गातल्या आजोळी रोज बांगडा खातो आणि इथे शाळेत केळ्याचे वेफर्स नेतो. मलाही तो नियम पटत नाही. पण मी सही केली ती डोळे उघडे ठेवून, एवढंच म्हणायचं होतं.

दिघा_मनपा_शाळा

सगळं वाचलं. मी महापालिकेच्या शाळेत तिसरीला शिकवतो. आमच्याकडे पत्रक नाही, छापायला कागदच मोजून मिळतो. वर्गातल्या निम्म्या आया घरकामाला जातात, वडील नाक्यावर. संध्याकाळी एक व्हॉइस नोट टाकतो, आधी मराठीत, मग तेच हिंदीत. अर्ध्या मिनिटाच्या वर नाही. "उद्या गणवेश स्वच्छ, वहीला कव्हर, शनिवारी शाळा सकाळची." पोरं ती आईच्या फोनवर स्वतःच लावून ऐकतात. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना शेजारचं पोरगं सांगतं.

आजोबांचं फळ्याचं म्हणणं मी करून बघितलंय. तिसरीतली मुलं उतरवून घेतात, पण पहिलीतल्यांना ते जमत नाही.

बाकी 'शिक्षक पत्रक लिहितात म्हणजे उपकार' असं कुणी म्हणत असेल तर त्यांनी आमच्याबरोबर मतदारयादी घेऊन दारोदार फिरून बघावं. आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, शिक्षकाला जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून दुसरं काम देऊ नये असं लिहिलंय. पण ही तीन कामंच वर्ष खातात.

ऐरोली_बाबा

सर, व्हॉइस नोट म्हणजे माझ्या आईची सोय झाली. हे खासगीवाल्यांना का सुचत नाही?

खडूफळा

सुचतं. आवाज रेकॉर्ड करून पाठवू नका अशी आम्हाला लेखी सूचना आहे. कुणीतरी कापून व्हायरल करतं म्हणून.

कासारवडवली_२बी

आणि गृहपाठाचं कोण बोलणार? २०२०च्या स्कूल बॅग पॉलिसीत दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. आमच्या पत्रकात त्याला 'घरच्या आनंददायी कृती' म्हणतात. दहा शब्द डिक्टेशनला, एक पोस्टर, आणि आजी-आजोबांची मुलाखत. मुलाखतीचा व्हिडिओही हवा.

नौपाडा_आजोबा

मुलाखत चांगली होती. माझ्या नातीने घेतली माझी.

कासारवडवली_२बी

तुम्हाला आवडणारच. रात्री जागून एडिट मी केली असेल तर?

घोडबंदरवाली

मूळ मुद्द्यावर येते, नाहीतर उद्या कुणी बसभाडं काढेल. खडूफळा, साचा तुमच्या हातात नाही हे मला माहीत नव्हतं. ठीक आहे, दोष साच्याचा आणि साचा करणाऱ्यांचा. पण मजकूर तर तुम्हीच देता ना? त्यात पहिली ओळ 'काय आणायचं' ही घाला. संदेश आणि फोटो त्यांचे त्यांना लावू देत.

खडूफळा

तुमच्याइतकं बारीक वाचणारा पालक मिळाला तर पत्रकच काढायला नको, फोन करूनच सांगेन. पण बरं. या बुधवारी सगळ्यात वर तारखा टाकून देते. सुपरवायझरने खाली ढकलल्या तर माझ्या नावाने धागा काढू नका.

घोडबंदरवाली

त्यांच्या नावाने काढेन.

दिवाळेकर

आणि अंड्याची टीप?

खडूफळा

ती टीप मी काढू शकत नाही. पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) सभेत मांडा. सभा शुक्रवारी दुपारी तीनला आहे.

दिवाळेकर

दुपारी तीनला नोकरीवाला माणूस कुठून येणार?

खडूफळा

तेही सभेतच मांडावं लागेल.