चढ काढायच्या भानगडीत पडू नका

दोन रेषा समांतर आहेत का हे ओळखायचं असेल, समजा ६क्ष - ४य = १० आणि ९क्ष - ६य = १२, तर चढ (रेषा किती तिरपी आहे ते) काढायची गरजच नाही. सरळ तिरका गुणाकार करा, म्हणजे एका समीकरणातला क्ष चा सहगुणक (अक्षरामागचा आकडा) गुणिले दुसऱ्यातला य चा: ६ गुणिले -६ म्हणजे -३६ आणि ९ गुणिले -४ पण -३६, जुळलं, म्हणजे दिशा एकच. पण इथंच थांबून समांतर लिहून मोकळे होतात बरेच जण आणि मार्क जातो, कारण दोन्ही एकच रेषा पण असू शकते. म्हणून स्थिरपद (अक्षर नसलेला आकडा, इथे १० आणि १२) क्ष च्या सहगुणकाशी तसंच तिरकं गुणून बघायचं: ६ × १२ = ७२, ९ × १० = ९०, नाही जुळलं, आता बिनधास्त समांतर लिहा. १२ च्या जागी १५ असते तर रेषा एकावर एक बसल्या असत्या.

क्ष = ३ आणि क्ष = -५ असं आलं की चढवाले अडकतात, शून्याने भागणार कसं? तिरक्या गुणाकाराला काही फरक पडत नाही. फक्त आडव्या रेषा असतील (य = ३, य = -५) तर स्थिरपदाची तुलना य च्या सहगुणकाशी करा, क्ष चा तर शून्यच आहे.

आणि ते आलेख काढून बघा म्हणणारे, य = क्ष/३ आणि य = ०.३३क्ष + १ काढून बघा की. कागदावर अगदी समांतर दिसतात, पण (३००, १००) ला छेदतात! तेवढा मोठा आलेख कागद कुठून आणणार?