जाहिरातीतलं 'रिमोट' आधी तपासा

खानापूरच्या ताईंनी लिहिलंय की व्हीटीयूची (बेळगावच्या तंत्रज्ञान विद्यापीठाची) डिग्री आहे, रोज सॉफ्टवेअरच्या रिमोट, म्हणजे घरून करायच्या नोकऱ्यांना अर्ज करते, उत्तरच येत नाही; आता बेंगळूरला जावं का? माझं मत, लगेच नको. 'रिमोट'खाली बारीक अक्षरांत अनेकदा 'फक्त अमेरिकेतले उमेदवार' असं असतं, तिथं वेळ घालवू नका. आपल्याला युरोप सोयीचा. बर्लिनचे सकाळचे ९ म्हणजे हिवाळ्यात आपले दुपारचे दीड, उन्हाळ्यात साडेबारा. कॅलिफोर्नियाशी साडेबारा-साडेतेरा तासांचं अंतर, म्हणजे रोजचं जागरण.

गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटवर, दहा अर्धवट प्रोजेक्ट ठेवण्यापेक्षा चालू ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रकल्पात मर्ज झालेली एक पुल रिक्वेस्ट, म्हणजे तुम्ही सुचवलेला आणि त्यांनी स्वीकारलेला कोडमधला बदल, दाखवा. तिच्याखालची चर्चा वाचली की तुम्ही लिहून किती नीट समजावता ते कळतं, आणि घरून काम करणाऱ्यात मला तरी तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते, तेव्हा राउटरला छोटा यूपीएस आणि दुसऱ्या कंपनीचं सिम हवंच. मुलाखतीत हे आपणहून सांगा.

आणि ताई, लॅपटॉपचं डिपॉझिट मागणारं ऑफर लेटर आलं तर एक रुपयाही भरू नका.